बारकी पुन्हा घसरली: पैसे द्यावेत, शिधा द्यावा, की समजावून सांगावं?

मॅडम, नमस्कार. मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे 19 महिन्यांची एक मुलगी आहे, घरात तिला बारकी म्हणतात. भाद्रपदात पट्टीनं मोजला तर तिचा दंडघेर (दंडाचा घेर) 11.1 सेंटिमीटर भरला, म्हणून मी तिला एनआरसीत, म्हणजे कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं. चौदा दिवस राहून आली, वजनही वाढलं होतं. आता दोन महिन्यांनी पट्टी लावली तर 11.3. तिच्या वर दोन भावंडं आहेत. बाप मजुरी करतो, कधी कधी पितो. आई सकाळी गवत कापायला जाते, 250 रुपये रोज. सासू म्हणते, पोर अंगानंच बारीक आहे.

इथल्या एका निवृत्त गुरुजींनी आणि आमच्या बचत गटानं वर्गणी काढली आहे. सहा महिने, चार घरांना, दर महिना 1,500 रुपये देता येतील एवढी. तीन मुलं एनआरसीतून आलेली आहेत, चौथं मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषणात आहे. सरपंच म्हणतात, रोख देऊ नका, दारूत जाईल, शिधा द्या. आमच्या वरच्या मॅडम म्हणतात, पैशानं काय होणार, आईला आहाराचं समजावून सांगा, शिवाय लाडकी बहीणचे येतातच. पण त्या बाईचे ते पैसे केवायसीत अडकलेत. आणि समजावून मी थकले. ती मान डोलावते आणि घरी जाते. दिवाळी झाली. भिवंडीकडच्या वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर फिरतोय. त्यांनी अजून बयाणा घेतलेला नाही. मी काय करू?

— एक सेविका

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेजारी वही घेऊन आकडे उतरवत गेले. पैशाचं नंतर बोलू, आधी बारकीचं.

11.3 म्हणजे आजच्या घडीला ती सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात आहे. पैसे की शिधा याची बैठक होईपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी घरी जा. दोन्ही पायांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा आणि उचलल्यावर खड्डा राहतो का बघा. अंग गरम किंवा हातपाय गार आहेत का, सारखी उलटी होते का, पोर मलूल पडून राहतं का, आणि समोर बसून भरवलं तर खाते का, एवढं पाहा. यातलं एक जरी गडबडलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सगळं ठीक असेल आणि ती आवडीनं खात असेल, तरी त्या आठवड्यात आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा आणि व्हीसीडीसीत, म्हणजे ग्राम बाल विकास केंद्रात तिचं नाव घाला. दुसऱ्यांदा घसरलेल्या पोराबद्दल डॉक्टरांना एक प्रश्न आपण होऊन विचारायचा: घरात कुणाला महिनोन्‌महिने खोकला आहे का, आणि पोराची टीबीची तपासणी करायची का? आजीच्या खोकल्याकडे घरात कुणी लक्ष देत नाही. नातीला नुसतं खाऊ घालून मग वजन चढत नाही.

आता तुमच्या वहीतली एक नोंद बघा. बारकी एनआरसीतून आली त्या दिवशी दंडघेर किती होता? मला विचाराल तर सगळ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे, आणि तोच तुम्ही लिहिलेला नाही. आपल्याकडे एनआरसीतून सोडताना दाखल वजनाच्या पंधरा टक्के वाढ हे माप धरतात, आणि मुक्काम साधारण चौदा दिवसांचा असतो. जगभर मात्र बरं झालं असं म्हणायला दंडघेर 12.5 किंवा त्याच्या वर लागतो, आणि तोही दोन आठवडे टिकावा लागतो. ही दोन मापं एक नाहीत. जे पोर पार मागं होतं ते पंधरा टक्क्यांनी वाढूनही सॅमच्या जवळपासच असू शकतं. समजा बारकी 11.7 वर घरी आली असेल, तर ती पुन्हा घसरली म्हणणं बरोबर नाही. ती निम्म्या चढावर होती आणि तिथून आपण हात सोडला. दोष आईचा ठरवायच्या आधी हे तपासा. कारण बाकीच्या दोन घरांतही हेच निघण्याची शक्यता आहे, आणि मग तुमच्या वर्गणीचा अर्थच बदलतो. ती बक्षीस किंवा दान राहात नाही. उपचाराचा जो भाग अर्धवट राहिला, तो तुम्ही त्या पैशातून पुरा करताय.

तुमच्या सरपंचांचं आणि वरच्या मॅडमचं म्हणणं वाचताना मला माझीच नोकरी आठवली. मी मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते, जव्हारच्या बाजूला. एक मुलगा तीनदा दाखल झाला होता. मी प्रत्येक वेळी त्याच्या आईसमोर चौरस आहाराचा तक्ता उघडून बोलले, आणि ती प्रत्येक वेळी तुमच्या बारकीच्या आईसारखीच मान डोलवायची. तिसऱ्या वेळी मी एक दिवस त्यांच्या घरी जाऊन नुसती बसले. सकाळी पावणेसातला आई भाकरी थापून, फडक्यात बांधून कामावर गेली. जाताना त्याला अंगावर पाजून गेली. दहाच्या सुमाराला सात-आठ वर्षांच्या बहिणीनं त्याला वाटीभर पेज दिली. नागलीची पेज, पण इतकी पातळ की वाटीच्या तळाचं फूल दिसत होतं. त्यानं निम्मी प्यायली, निम्मी अंगावर सांडली. मग तो खेळला, रडला, झोपला. दुपारी कुणी जेवलं नाही, कारण घरात कुणी मोठं नव्हतं. सहाला आई आली, पाणी भरलं, लाकडं फोडली, चूल पेटवली. भात शिजेपर्यंत आठ वाजले. तोवर पोर रडून रडून झोपी गेलं होतं. आईनं त्याला उठवायचा प्रयत्न केला, दोन घास भरवले, तिसऱ्याला त्यानं मान फिरवली.

त्या दिवशी मला कळलं की ती बाई अडाणी नव्हती. तक्त्यातलं सगळं तिला पाठ होतं. तिच्याकडे दुपार नव्हती. आणि दुपार विकत घ्यायची तर एका रोजाची मजुरी सोडावी लागते. हे मला वीस वर्षांच्या नोकरीत तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. त्याची मला आजही खंत वाटते.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. रोख द्या, आईच्या हातात द्या, आणि त्याच्या बरोबरीनं बोला. दोन्ही एकत्र. नुसतं शिकवणं हे रिकाम्या डब्यासमोर बसून स्वयंपाक सांगण्यासारखं होतं. नुसते पैसे दिले तर घराची ओढाताण कमी होते, पण पोराच्या वाटीतली पेज पातळच राहू शकते.

हे मी माझ्या एका अनुभवावरून म्हणत नाही. बांगलादेशच्या उत्तर भागात, रंगपूरकडे, 2012 ते 2014 अशी दोन वर्षं गरीब घरांतल्या आयांना महिना 1,500 टाका (तिथलं चलन) दिले गेले. काहींना नुसते पैसे, काहींना पैसे आणि दर आठवड्याला आहाराची बैठक. बैठकीला आयाच नव्हेत, घरच्या सासवा आणि नवरेही कधी ना कधी बसवले जायचे. नुसत्या पैशांनी पोरांच्या उंचीत म्हणावा असा फरक पडला नाही. पैसे आणि बैठक दोन्ही मिळालेल्या घरांत उंची खुंटलेल्या मुलांचं प्रमाण सात टक्क्यांहून जास्त अंकांनी खाली आलं. ते खुंटण्याबद्दल होतं. तुमचा प्रश्न पुन्हा घसरण्याचा आहे, तर तोही जोखला गेलाय. आफ्रिकेतल्या काँगोच्या कसाई भागात सॅमच्या उपचाराबरोबर घरच्यांना सहा महिने, महिना 40 डॉलर बिनशर्त दिले. पैसे मिळालेल्या घरांतली मुलं जास्त संख्येनं बरी झाली आणि पुन्हा कमी घसरली. 2017 मध्ये त्याचा अहवाल आला. आणि 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सॅममधून उठणाऱ्या मुलांच्या घराला उपचारादरम्यान आणि नंतर रोख मदत देण्याचा विचार करावा असं म्हटलंय, पुन्हा घसरू नयेत म्हणून. तुमच्या गुरुजींनी आणि बचत गटानं काढलेली वर्गणी त्याच वाटेवर आहे, हे त्यांना जरूर सांगा.

दारूचं. सरपंचांची भीती खोटी नाही, मी पाड्यांवर दारूनं घरं बसलेली पाहिली आहेत. पण हा प्रश्नही जगात अनेक ठिकाणी तपासला गेलाय. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये अशा रोख मदतीवरचे 19 अभ्यास एकत्र पाहिले. मदत मिळाल्यानं दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला असं त्यात निघालं नाही. तरी बारकीच्या घरात बाप पितो, तेव्हा काळजी घेऊन द्या. महिन्याचे एकदम देण्याऐवजी पंधरवड्याला निम्मे द्या, आणि आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी द्या, म्हणजे पैसा घरात एकच रात्र राहतो. बापापासून लपवून देऊ नका. लपवलेले पैसे सापडले की मार बाईला बसतो. पहिल्याच दिवशी गुरुजींनी त्याला समोर बसवून सांगावं: हे पोरीच्या औषधाचे आहेत, गटाच्या वहीत लिहिलेत, आणि हिच्या सहीनं जाणार आहेत. बापाला पोरीची फिकीर नसते असं मी कधीच मानलं नाही. एनआरसीच्या दारात बिडी हातात धरून रात्रभर बसलेले बाप मी पाहिलेत.

शिध्यात एक गोष्ट चांगली आहे. आषाढ-श्रावणात ओढ्याला पाणी येऊन तुमच्या पाड्याचा रस्ता तुटत असेल, तर त्या दोन महिन्यांत हातात पैसे असून उपयोग नसतो. तेव्हा डाळ आणि तेल घरात असलेलं बरं. एरवी शिध्याच्या पिशवीतून जीपचं भाडं देता येत नाही, सावकाराचं व्याज देता येत नाही, आणि घरी राहिलेल्या दिवसाची मजुरी भरून निघत नाही. एनआरसीत असताना आईला बुडीत मजुरी मिळते, पण ती खात्यावर कधी येते हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तेवढ्यात घरी उसनवारी झालेली असते, आणि पोर घरी आल्यावर पहिले दोन महिने आई ती फेडण्यात घालवते. पोर नेमकं त्याच दोन महिन्यांत घसरतं.

आता हिशेब. मी वहीत असा मांडला. रोज एक अंडं, सात रुपयांनी महिन्याचे 210. तेल एक लिटर, 150. शेंगदाणे एक किलो, 140. गूळ एक किलो, 60. मूगडाळ दोन किलो, 240. केळी चाळीस, 160. हे झाले 960. उरले 540, म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि वर जीपच्या एका फेरीचं भाडं. तुमच्याकडे भाव थोडे इकडे-तिकडे असतील. पण यात मी एक खोट ठेवली आहे, ती बघा: हे सगळं एकट्या बारकीसाठी धरलंय. घरात तीन पोरं आहेत. दोघांसमोर तिसरीला अंडं सोलून देणारी आई मला आजवर भेटली नाही, आणि तसं कुणी कुणाला सांगूही नये. तीन पोरांत 1,500 पुरत नाहीत.

म्हणून मी सुचवते की चार घरांना 1,500 देण्याऐवजी एनआरसीतून आलेल्या तीन घरांना 2,000 द्या. वर्गणी तेवढीच, महिना 6,000. चौथ्या घराचं नाव खोडायला सांगताना मला बरं वाटत नाही. पण ते पोर मॅममध्ये आहे. सरकारच्या अमृत आहार योजनेचं अंडं-केळं आठवड्यात चार दिवस त्याच्या पोटात खरंच जातंय का, एवढं रोज तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत तर ते सावरायला पुष्कळ मदत होईल. आणि गटाला आणखी वर्गणी जमली तर पहिलं नाव त्याचंच घ्या.

बारकीचंही तसंच. अमृत आहार तिलाही लागू आहे, घरपोच आहाराची पाकिटंही. माझी शंका अशी की तिचं नाव यादीत आहे पण ती अंगणवाडीत येत नाही, कारण आणणारं कुणी नाही. भावंडांपैकी मोठं शाळेत जाताना तिला तुमच्याकडे सोडू शकतं का, हे विचारा. आणि केवायसीचं काम तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जाऊन करा, एक दिवस मोडला तरी चालेल. अडकलेले दरमहा 1,500 सुटले तर तुमच्या वर्गणीला जोड मिळते. पण ते सुटले म्हणून वर्गणी बंद करायची नाही. दोन्ही मिळूनही त्या घराला जास्त होणार नाही.

एक गोष्ट कृपा करून करू नका: पैसे वजनाला बांधू नका. वजन वाढलं तर पैसे, असं केलंत तर ज्या महिन्यात पोर आजारी पडून उतरेल त्याच महिन्यात त्या घराचा हात रिकामा होईल. वजन कमी असेल तोवर पैसे, असं केलंत तर पोर सुधारल्याचा आईला आनंद व्हायच्या ऐवजी धास्ती वाटेल. सहा महिने म्हणजे सहा महिने. पोर चढो वा उतरो. बैठकीला आली नाही म्हणूनही कापू नका. ती आली नाही तर तुम्ही तिच्याकडे जा, न येण्याचं कारण बहुधा तिच्या चुलीपाशीच सापडेल.

आणि आता ती बैठक. तक्ता घरी ठेवा. एका वेळी एकच गोष्ट, आणि ती तिच्या घरी, तिच्या भांड्यात. पहिल्या भेटीत काहीच शिकवू नका, फक्त विचारा: काल बारकीनं सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं, किती वाजता, कुणी भरवलं? दीड वर्षाच्या पोराला अंगावरच्या दुधाखेरीज दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मधे एक-दोनदा काहीतरी खायला लागतं. तिच्या कालच्या दिवसात हे किती वेळा झालं, ते तिलाच बोटांवर मोजू द्या. आणि ती अजून अंगावर पितेय का, आईला पुन्हा दिवस गेलेत का, हेही हळूच विचारून घ्या.

दुसऱ्या भेटीत पेज. तिनं नेहमी करते तशीच करावी. मग त्यात चमचा बुडवून आडवा धरा. घळाघळा ओघळली तर ती पोराच्या पोटात पाणीच भरते. ओघळता न येणारी, चमच्यावर थबकणारी पेज हवी. मग त्याच वाटीत एक छोटा चमचा तेल आणि मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट घालायला सांगा. एका छोट्या चमचाभर तेलात 45 उष्मांक असतात, आणि पोराचं पोट लहान असतं, त्यामुळे वाटी मोठी करून भागत नाही, वाटी दाट करावी लागते. शेंगदाणे संपले तर खुरासणी आहेच. तुमच्याकडे घरोघर खुरासणीची चटणी होते, तीच तिखटाशिवाय कुटून पेजेत घालता येते. सुकट भाजून, काटे काढून, बारीक करून डाळभातात. उडदाचं वरण. हे सगळं त्या घरानं पूर्वीपासून खाल्लेलं आहे, फक्त ते पोराच्या वाटीपर्यंत येत नाही. बाहेरचा डबा, बाळाची पावडर, रंगीत पाकिटातले पोंगे, यावर एक रुपया जाऊ देऊ नका. पाच रुपयांच्या पोंग्याच्या पुड्यानं पोराची भूक मरते, म्हणून तो पुडा फार महाग पडतो.

तिसरी भेट आजारपणाची. जुलाब लागले की आपल्याकडे खाणं बंद करतात, आणि बरीच पोरं तिथून घसरतात. ओआरएस आणि 14 दिवस झिंक, जुलाब थांबले तरी पुऱ्या 14 दिवस, आणि खाणं चालू. बरं झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त.

या भेटींना सासूला बसवा. ‘पोर अंगानंच बारीक’ म्हणणारी सासू वाईट नसते. तिनं आयुष्यात बारीकच पोरं पाहिलीत. तिच्याशी वाद घालू नका. पाड्यावर बारकीच्याच वयाची, तितक्याच गरीब घरातली, पण अंगानं भरलेली एक पोर शोधा. असते, प्रत्येक पाड्यावर असते. तिच्या आईला एका भेटीला घेऊन जा आणि तिनंच सांगू दे की ती दुपारी काय करते. तुमच्या-माझ्या दहा भेटींनी जे होत नाही ते त्या बाईच्या एका बोलण्यानं होताना मी पाहिलंय. आणि दिवसभर बारकीला कडेवर घेऊन फिरणाऱ्या भावंडाला विसरू नका. पेज प्रत्यक्ष भरवणारे हात त्याचे आहेत.

राहिली भट्टी, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. बयाणा घेतला नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे अजून वेळ आहे. या आठवड्यात गुरुजींना घेऊन त्या घरी बसा आणि हिशेब मांडा. बापानं एकट्यानं जावं, आई पोरांना घेऊन पाड्यावर राहिली तर वर्गणीचे 2,000, गावात मिळेल ती मजुरी, केवायसी सुटलं तर आणखी 1,500, आणि रेशन. एवढ्यावर होळीपर्यंत निभेल का? निभेल असं त्यांना वाटलं तरच. तुम्ही पैसे देताय म्हणून ‘जायचं नाही’ अशी अट घालू नका. भट्टीवर जोडप्याला काम असतं, एकट्याला बयाणा कमी मिळतो किंवा मिळतच नाही. त्यांचं कर्ज तुम्हाला-मला दिसत नाही.

जायचंच ठरलं तर पैसे थांबवू नका. सहा महिन्यांचे एकदम हातात देऊ नका, तिच्या खात्यावर महिन्याच्या महिन्याला टाका. खातं नसेल तर जाण्याआधी पोस्टात उघडून घ्या. रेशन कार्डावर भिवंडीकडेही धान्य उचलता येतं, हे त्यांना माहीत आहे का विचारा, पुष्कळांना नसतं. बारकीची नोंद अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर स्थलांतरित म्हणून करा, आणि एका कागदावर तिचं वय, दोन्ही वेळचे दंडघेर, एनआरसीची तारीख आणि तुमचा फोन नंबर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईकडे द्या. भट्टीजवळच्या अंगणवाडीत तो कागद दाखवला की बारकीला तिथं आहार मिळायला हवा, ती या तालुक्याची की त्या, हा प्रश्न येत नाही. नाही म्हणाले तर मला कळवा.

आणि दंडघेराची एक पट्टी त्या घराला देऊन टाका. तुमच्याकडे जास्तीची नसेल तर केंद्रातून मागून घ्या. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, पट्टी नीट टेकलेली पण आवळलेली नाही. लाल, पिवळा, हिरवा. आईला वाचता येत नसलं तरी रंग कळतात. तुमच्या समोर तिच्याकडून तीनदा लावून घ्या, मग मोठ्या भावंडाकडून. दर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी लावायची आणि तुम्हाला मिस्ड कॉल द्यायचा. तुम्ही उलट फोन करून एकच विचारायचं, रंग कुठला. लाल आला तर त्या दिवशी भट्टी सोडून दवाखाना, जीपचं भाडं तुमच्या वर्गणीतून, विचारत बसायचं नाही.

एनआरसीतून घरी आली त्या दिवशीचा दंडघेर सापडला की मला लिहा.